बाबा बोलताहेत, तोवर विचारून घ्या

वाचकाचं पत्र

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, टपाल खात्यातून पोस्टमन म्हणून निवृत्त. हृदय फार अशक्त झालंय. सहा वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. ऑक्सिजनचं यंत्र आणलंय. आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. बाबा अजून नीट बोलतात आणि ठामपणे सांगतात: डोळे द्या, विद्युतदाहिनीत न्या, दहावं-तेरावं करू नका, माझ्या भजनी मंडळाला बोलवा. आईला मात्र सगळं रीतीप्रमाणे हवंय, नाहीतर त्यांना गती मिळणार नाही असं तिला वाटतं. भाऊ कॅनडात आहे. मी अग्नी देणार म्हटल्यावर चुलतकाकांनी नकार दिला. आणि बाबा डोळ्यांसमोर असताना मी हे सगळं विचारतेय, याचंच मला अपराधी वाटतं. काय तयारी करून ठेवू?
– एक मुलगी, पुणे

ताई,

अपराधी वाटण्याचं आधी बोलू. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी ही तयारी कधीच अशुभ मानली नाही. देवघरात गंगेचा सीलबंद गडू असायचा तो याच दिवसासाठी. ट्रंकेच्या तळाशी कोरं लुगडं नाहीतर धोतर आणि त्यात गुंडाळलेले पैसे, ‘माझ्या दिवसाला कुणापुढे हात पसरायला लागू नये’ म्हणून. तुमच्या बाबांनी तर तोंडाने सांगितलंय. तुम्ही फक्त ते ऐकून लिहून ठेवताय.

आता आई आणि बाबा यांच्यातला पेच. आम्हाला त्यातून एक वाट दिसते. देहाचं काय करायचं, हे बाबांच्या शब्दाप्रमाणे. डोळे, विद्युतदाहिनी, भजन, यांत कुणी बदल करायचा नाही. त्यानंतरचे दिवस आईचे. ५० वर्षांहून जास्त संसार करून ती मागे राहणार आहे. दहाव्याला घाटावर गेल्याने तिचं मन निवणार असेल तर तिला अडवू नका. पण हे परस्पर ठरवू नका. बाबांना सरळ विचारा, “तुमच्या मनाप्रमाणे सगळं करू, पण आईसाठी दहावा केला तर चालेल ना?” आणि त्यांचं उत्तर आईच्या समोर होऊ द्या. ते माघारी राहिलं, तर पुढे प्रत्येक नातेवाईक बाबांच्या वतीने बोलायला लागतो.

भावाला आज फोन करा. कॅनडाहून घरच्या दारापर्यंत यायला सगळं जुळलं तरी जवळजवळ दीड दिवस जातो. आमचा स्पष्ट सल्ला आहे, त्याने तिकीट आताच काढावं, बाबा बोलताहेत तोवर यावं, आठ दिवस उशाशी बसावं आणि गरज पडली तर परत जावं. अंत्यदर्शनाला पोचण्यापेक्षा हे मोलाचं. ते जमणारच नसेल तर थांबायचं की नाही, हे त्याच्याशी आता बोलून घ्या. थांबणार असाल तर शीतशवपेटी भाड्याने मिळते. ती वर चढवू नका, खाली पार्किंगमध्ये जवळच प्लग असेल तिथे ठेवा. पेटी मिळेपर्यंत बर्फ लावायची वेळ आली तर चेहऱ्याला थेट टेकवू नका, कातडी काळवंडते. दुसऱ्या दिवसापलीकडे ताणू नये, आईला ते सोसवत नाही. भाऊ दहाव्यापर्यंत पोचला तरी त्याच्या वाट्याचं बरंच काही उरतं.

सगळ्यात महत्त्वाचा फोन मात्र डॉक्टरांना. घरी मृत्यू झाला की कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, नमुना ४ अ. ते उपचार करणारे डॉक्टरच देतात. गडबड नेमकी इथे होते: पेशंटला बरेच दिवस पाहिलेलं नसलं तर डॉक्टर सही करायला कचरतात, आणि मग रात्री दोन वाजता देह सरकारी रुग्णालयात न्यावा लागतो, पोलिसांना कळवावं लागतं, कधी शवविच्छेदनाचीही वेळ येते. म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारा: तुम्ही दर पंधरवड्याला घरी येऊन बघाल का? रात्री-अपरात्री याल का? गावाला गेलात तर तुमच्याऐवजी कोण? शेवटच्या क्षणी घाबरून रुग्णवाहिका बोलावली तर बाबा अतिदक्षता विभागात पोचतील आणि घरी राहायचं तिथेच संपेल. श्वास लागला, घरघर सुरू झाली तर काय द्यायचं, हेही त्यांच्याकडून लिहून घ्या.

त्याच भेटीत पेसमेकरचा विषय काढा. हे घरोघर विसरतं. पेसमेकरची बॅटरी दाहिनीच्या उष्णतेत फुटते. भट्टीचं नुकसान होतं, जवळच्या कामगाराला इजा होऊ शकते. म्हणून दहनाआधी तो काढायचा असतो. कातडीखाली असतो, छोटा छेद देऊन निघतो. पण काढायला कोण येणार ते आधी ठरलेलं हवं. यंत्र झटका देणारं असेल, म्हणजे डिफिब्रिलेटर, तर ते आधी बंद करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसतो. बाबांच्या फाइलमध्ये यंत्राचं कार्ड असेल. त्यावरून डॉक्टरांना लगेच कळेल. कार्ड फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवा.

डोळ्यांसाठी वेळ फक्त सहा तास. नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. मृत्यूनंतर पापण्या मिटा, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि डोक्याखाली उशी ठेवून डोकं अर्धा फूट उंच करा. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळं सुकतात आणि सुकलेली बुबुळं उपयोगाची राहत नाहीत. सांत्वनाला आलेलं कुणीतरी नेमका पंखा लावतं, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावा. पथक घरी येतं, अर्ध्या तासाच्या आत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला तरी चालतं. बाबांनी फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आईने ऐनवेळी नको म्हटलं तर पथक परत जातं. त्यासाठीही ते बाबांच्या तोंडून तिने ऐकलेलं हवं.

आता त्या पहिल्या तासाबद्दल. आधी ऑक्सिजनचं यंत्र बंद करा, नळी काढा, खिडक्या उघडा, थोडं थांबा आणि मगच समई किंवा उदबत्ती लावा. ऑक्सिजन सुटलेल्या खोलीत, अंथरुणात ठिणगीचं आगीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. शेवटच्या घटका चालू असताना तोंडात गंगाजल घालायची घाई करू नका. गिळता येत नसलेल्या माणसाला चमचाभर पाण्यानेही ठसका लागतो. बोळ्याने ओठ ओले करा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. तेवढ्याने पुरतं.

डॉक्टर येऊन गेले की देह सरळ करून घ्या. दोन-तीन तासांत जबडा आणि मान ताठरायला लागतात, मग हातपाय. हात पोटावर, पाय जुळवून दोन्ही अंगठे सुती पट्टीने बांधायचे, हनुवटीखालून डोक्यावर एक पट्टी. हे उशिरा केलं तर तोंड उघडं राहतं आणि आईला तोच चेहरा पुढे वर्षभर दिसत राहतो. लघवीची नळी असेल तर नर्सकडून काढून घ्या. पाठीला जखमा असतील तर त्यांवरची पट्टी उघडू नका, वरून आणखी एक कोरी लावा. अंघोळ म्हणजे डोक्यावरून पाणी ओतणंच असं नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या पंचाने अंग पुसून घेतलं तरी स्नान होतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेच जमतं. अंगावरचं सोनं एकाच माणसाने काढावं, दुसऱ्याच्या देखत, आणि लिहून ठेवावं.

तिरडी वर बांधू नका. तिचे बांबू सात-आठ फुटांचे असतात; ती लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकते. मग देह तिरका करावा लागतो, आणि ते दृश्य कुणाच्याही मनातून जात नाही. बाबांना वरून कापडी स्ट्रेचरवर, चार धडधाकट माणसांनी, पाय पुढे करून उतरवा. तिरडी खाली पार्किंगमध्ये तयार असू द्या. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, वर गवत, कोरं पांढरं कापड, मडकी, गोवऱ्या, कापूर, काळे तीळ, दर्भ, तूप, बुक्का-गुलाल. दुकानात ‘सगळं सामान’ म्हटलं की पूर्ण संच मिळतो. दुकान रात्री उघडतं का, तेवढं एकदा जाऊन बघून या. सोसायटीच्या सचिवांना सांगून ठेवा, म्हणजे शववाहिकेसाठी खालची एक गाडी हलवता येईल.

पुण्यात दहनाआधी महापालिकेचा मृत्यू पास लागतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, बाबांचं आधार, अर्ज करणाऱ्याचं आधार, यांच्या तीन-तीन झेरॉक्स एका पाकिटात ठेवा. तुमच्या भागात पास कुठे मिळतो आणि रात्री ते केंद्र उघडं असतं का, हे या आठवड्यात विचारून घ्या. आणि एका कागदावर बाबांचं पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत, आधारवर आहे अगदी तसं, लिहून त्या पाकिटात घाला. दुःखात कुणीतरी फॉर्म भरतं, आजोबांचं नाव चुकतं, आडनावाचं एक अक्षर इकडचं तिकडे होतं आणि मग पेन्शन, बँक, घराचे कागद, सगळीकडे ती चूक पाठीमागे लागते. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच मागून घ्या.

विद्युतदाहिनीत अग्नी देता येत नाही, असं आईला कुणीतरी सांगितलं असेल. तसं नाही. देह आत सरकवण्याआधी छातीवर कापूर किंवा चंदनाचा तुकडा पेटवून मंत्राग्नी देतात, गुरुजी मंत्र म्हणतात, मग दार उघडतं. मडकं, प्रदक्षिणा, पाणी पाजणं, सगळं बाहेरच्या ओट्यावर होतं. सरणाला तीनशे किलोच्या वर लाकूड लागतं आणि पूर्ण दहनाला कित्येक तास जातात. दाहिनीत साधारण दीड तासात होतं. नायलॉनचं कापड, प्लास्टिकच्या वेष्टनातले हार, चष्मा, काचेच्या बाटल्या आत जाऊ देऊ नका. अंगावर सुती धोतर असावं.

अग्नी कुणी द्यायचा, याबद्दल. स्मशानभूमीत हे कुणी विचारत नाही, आणि मुलीला मनाई करणारा कायदा नाही. काकांशी वाद घालून उपयोग नाही, पण याच पुण्यात २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले तेव्हा दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंद अडून बसले, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे अग्नीचं मडकं, धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्याला आता १३५ वर्षं होऊन गेली. काकांना एवढंच म्हणा, “अग्नी मी देते. तुम्ही पहिला खांदा द्या.” त्यांना मानाची जागा मिळाली की विरोध बराचसा मावळतो. गुरुजी मात्र आधी बोलून ठरवा. स्मशानात उभं राहून ‘मुलीच्या हातून मी करत नाही’ असं ऐकायची वेळ येऊ नये. पुण्यातल्या ज्ञान प्रबोधिनी या संस्थेचे पुरोहित मराठीत अर्थ सांगत विधी करतात आणि त्यांच्यात स्त्रियाही आहेत. आईला एक-एक मंत्राचा अर्थ कळला तर तिची ‘गती’ची भीती कमी होईल, असं आम्हाला वाटतं.

मडक्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते तुमच्या खांद्यावर असणार आहे. पाण्याने भरलेलं मडकं डाव्या खांद्यावर घेऊन उलट्या तीन प्रदक्षिणा घालायच्या. दर फेरीला मागून एकजण खड्याने मडक्याला भोक पाडतो, धार लागते, आणि शेवटी ते मागे न बघता पाठीमागे सोडायचं. चुकतं काय, तर मडकं गळ्यापर्यंत भरतात. मग पाच-सहा किलोंचं ओलं, निसरडं ओझं आणि थरथरता हात. अर्धंच भरायला सांगा, खांद्यावर पंचाची घडी ठेवा. भोक पाडणाऱ्याने टोकदार खड्याने हलकेच टिचकावायचं. जोरात मारलं की पहिल्याच फेरीत मडकं फुटून सगळं पाणी अंगावर येतं आणि लोक अपशकुन म्हणून कुजबुजतात. तो खडा म्हणजे जीवखडा. पुढचे दहा दिवस तिलांजली त्याच्यावर द्यायची असते. गर्दीत तो हमखास हरवतो. भाचा-पुतण्या कुणी शांत डोक्याचा असेल त्याच्या हातात एक कापडी पिशवी द्या आणि सांगा, तुझं काम एवढंच.

घरी परतल्यावर बाबांना जिथे ठेवलं होतं तिथे तांदळाचं पीठ चाळून पसरतात, त्यावर पणती, वर टोपली. दुसऱ्या दिवशी पिठात पाऊल उमटलं का बघतात. आईला ते हवं असेल तर करा. फक्त टोपलीला पणतीची झळ लागत नाही ना, ते पाहा. त्या रात्री चूल पेटत नाही. पिठलं-भात कोणत्या शेजाऱ्यांकडून येणार, ते ठरलेलं असू द्या. आईचा मधुमेह असेल तर तिची गोळी आणि जेवण कुणी सांभाळायचं, हेही.

दाहिनीतल्या अस्थी त्याच दिवशी मिळतात. तिसऱ्या दिवशी सावडायचं असं आईच्या मनात असेल तर अस्थी स्मशानभूमीतच ठेवायची सोय आहे का विचारा, चिठ्ठी जपा आणि तिसऱ्या दिवशी जाऊन घ्या. विसर्जनाला निघताना प्लास्टिकची पिशवी आणि कलशाचं कापड नदीत टाकू नका. घरच्या शेतात झाड लावणार असाल तर मूठभरच रक्षा घमेलंभर मातीत कालवून घाला. सगळी राख रोपाच्या मुळाशी ओतली तर तिच्यातल्या क्षारांनी रोप जळतं, आणि बाबांच्या नावाचं झाड सुकलेलं बघणं फार जड जातं.

दहाव्याला कावळ्याची वाट पाहणं ही सगळ्यात अवघड वेळ. वर्दळीच्या घाटावर, ओंकारेश्वराजवळ म्हणा किंवा कुठेही, सकाळपासून पिंड खाऊन कावळे तृप्त असतात. शिवत नाहीत. मग एकेकजण पुढे होऊन हात जोडतो, ‘आईला सांभाळू’, ‘घराचं बघू’, आणि तुमची आई तिथे उभी राहून विचार करत राहते की माझ्याकडून काय राहिलं. गुरुजींना आधीच सांगा, २० मिनिटं थांबू, नंतर दर्भाचा कावळा करून शिवू. रीतीतच ती तरतूद आहे. आईलाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तिला ती पळवाट वाटणार नाही. शक्यतो सकाळी लवकर जा.

आणि भजन. बाबांनी एवढं एकच स्वतःसाठी मागितलंय, तर ते पाच मिनिटांवर उरकू नका. मंडळातल्या लोकांना आजच भेटा. देह घरी असताना नेत्रपेढीचं पथक येऊन गेल्यावर अर्धा-पाऊण तास भजन, फक्त टाळ आणि पखवाज, माईक नको. कोणते अभंग, ते बाबांनाच विचारा. पुढे श्रद्धांजलीची सभा घ्याल तेव्हा तिला तासाभराच्या वर नेऊ नका. चार-पाच जणांनीच बोलावं, प्रत्येकी चार मिनिटं. त्यांना आधी सांगा की बाबांचे गुण मोजू नका, एक घडलेली गोष्ट सांगा. बाबांच्या जुन्या बीटवरचं कुणी सापडलं, ज्याच्या दारात त्यांनी वर्षानुवर्षं टपाल टाकलं, तर त्याला पहिलं बोलवा. शेवट पुन्हा मंडळाकडे द्या.

एक काम आज संध्याकाळीच करा. बाबांच्या मोबाइलचा पासवर्ड विचारा, त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, “कुणाकुणाला कळवायचं, सांगा.” ते सांगतील त्याच क्रमाने नावं आणि नंबर वहीत उतरवून घ्या. त्यांत एखादं नाव असं येईल जे घरात कुणालाच माहीत नाही. मग कोण ते विचारा, आणि ते सांगत असताना वही मिटून ऐकत बसा.